सरांचं कार्ड

सरांनी दार उघडलं खरं, पण साखळी काढली नाही. फटीतून त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी तेवढी दिसत होती.

"कोण पाहिजे?"

"सर, मी आहे. आत येऊ?"

"मी म्हणजे कोण? ओळखपत्र दाखवा."

शंकाबाईने पर्समधून कंपनीचं ओळखपत्र काढून फटीशी धरलं. सरांनी ते आत ओढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग वरचं प्लास्टिक कुठे सुटलंय का, ते नखाने खरवडून बघितलं. ही सगळी तपासणी त्यांनीच तिला शिकवली होती, आणि अजून त्यातली एकही पायरी ते चुकले नव्हते.

शंकाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने सरांच्या आराखड्यावर इतक्या शंका काढल्या, की सर वैतागून म्हणाले, "या आल्या आमच्या शंकाबाई!" ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे तर तिची ताईसुद्धा चिडवायचं असलं की त्याच नावाने हाक मारायला लागली.

"अहो, साखळी काढा की," आतून काकू आल्या. सरांच्या खांद्यावरून त्यांनी बाहेर पाहिलं. "आपली शंकाबाई आहे."

"फोटो जुळतोय," सर म्हणाले. "माणूस जुळत नाही."

काकूंनी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि साखळी काढली. सरांनी ओळखपत्र मात्र परत दिलं नाही. ते हातात धरूनच ते खुर्चीत जाऊन बसले.

बैठकीच्या खोलीत सगळ्या वस्तूंवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. कपाटावर 'कपाट', दिव्याच्या बटणावर 'दिवा', न्हाणीघराच्या दारावर बाण. काकूंनी स्वतःच्या फोटोखाली 'ही मी' असं लिहून ठेवलं होतं. शंकाबाईने ते वाचलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"काल फोनवर सांगितलंस ते सगळं मला कळलं असं नाही," काकू म्हणाल्या. "पण यांच्यावाचून तुमचं घोडं अडलंय, एवढं कळलं. खरं का?"

"खरंय काकू."

"यांच्यावाचून?" काकूंनी पुन्हा विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती आणि तिच्या आड थोडासा अभिमानही होता. गेल्या दोन वर्षांत सरांवाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं होतं ते असं. कंपनी श्वासाची मशीनं बनवायची. ज्यांची छाती स्वतःहून हलत नाही अशा माणसांच्या घरी, पलंगाशेजारी ती मशीनं रात्रंदिवस चालत. फार पूर्वी कुणीतरी अशा मशीनमध्ये नकली सॉफ्टवेअर घुसवलं होतं आणि माणसं झोपेतच गुदमरली होती. तेव्हा सरांनी हट्टाने मशीनच्या पोटात एक चिप बसवली. मशीन चालू झालं की आधी ती जागी होते आणि पुढच्या प्रत्येक प्रोग्रामवरची सही तपासते. कंपनीची सही असेल तरच प्रोग्राम आत, नाहीतर दारातूनच परत. त्या चिपला कोणाची भीड नाही, ओळख नाही, वशिला नाही. मालक स्वतः आला तरी सहीवाचून ती त्याला हिंग लावून विचारत नाही.

आणि आता मशीनमध्ये चूक निघाली होती. बाहेरून कोणी घुसवलेली नाही, कंपनीनेच सही करून पाठवलेली. मशीन सलग काही तास चाललं की मध्येच गोठायचं आणि सोबत धोक्याची घंटाही गोठायची. पलंगाशेजारी सगळं शांत, म्हणून घरच्यांना वाटायचं सगळं ठीक आहे. अशी काही माणसं गेली होती. दुरुस्तीचा प्रोग्राम तयार होता, तपासून झाला होता. फक्त त्यावर सही नव्हती.

सहीची किल्ली एका पोलादी पेटीत होती. पेटी फोडली तर किल्ली नष्ट होई. ती चालायची तीन कार्डांवर, त्यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी लागत आणि प्रत्येक कार्डाचा पिन फक्त त्या माणसाच्या डोक्यात. लिहायचा नाही, सांगायचा नाही, बायकोलाही नाही. एक कार्ड शंकाबाईचं. दुसरं कारखान्याच्या मॅनेजरचं. तो पावसाळ्यात गाडी घसरून गेला आणि पिन घेऊन गेला. तिसरं सरांचं.

नवी कार्डं काढायला हवी होती, पण त्यालाही जुनी दोन लागत. मोठ्या साहेबांना वेळ होत नव्हता. आणि शंकाबाईलाही ते जिवावर आलं होतं. सरांचं कार्ड काढून घ्यायचं म्हणजे तुमचं डोकं आता चालत नाही, असं त्यांना तोंडावर सांगायचं. तिने आज-उद्या करत ते ढकललं होतं. चूक निघाल्यावर बाहेरचे मोठमोठे तज्ज्ञ बोलावले, तेव्हा सगळ्यांनी सरांच्या कुलपाची तोंड भरून तारीफ केली आणि हात वर केले.

ताई त्याच मशीनवर होती. मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मशीन दाखवलं होतं. "छे," ताई म्हणाली होती, "आमच्या घरचं सोडून परकं कशाला?" चूक निघाल्यापासून भावजी खुर्चीत बसून डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते. मशीन गोठायच्या आत ते हाताने बंद करून पुन्हा चालू करायचं, गजर लावायचा, डुलकी घ्यायची, उठायचं. काल फोनवर त्यांचा आवाज दारू प्यायल्यासारखा जड येत होता. भावजी कधी प्यायले नव्हते.

"पिन यांना आठवेल?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, विचारून आठवणार नाही. पण हाताला आठवू शकेल. वर्षानुवर्षं दाबलाय ना."

"हाताला आठवतो," काकू लगेच म्हणाल्या. "चहा पिताना टेबलाच्या कडेवर बोटं आपटत असतात. रोज. ठरावीकच. मी म्हटलं, बाजा वाजवताय का?"

शंकाबाईने सरांच्या हाताकडे पाहिलं. तो हात तिच्या ओळखपत्रावर शांत पडला होता. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची भीतीही वाटली.

काकूंनी सरांना स्वच्छ सदरा घातला, केस विंचरले, खाली बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. गाडीत सर खिडकीशी बसले, काकू त्यांच्या शेजारी. थोडं अंतर गेल्यावर सर एकदम वळले.

"कसली सही आहे आज?"

शंकाबाईने सांगितलं. चूक, गोठणं, घंटा, दुरुस्ती. सर ऐकत होते. त्यांच्या भुवया पूर्वीसारख्या जवळ आल्या.

"बदल कोणी वाचला? ज्याने लिहिला त्यानेच नाही ना?"

"नाही सर. दोघांनी वेगवेगळा वाचला. मी तिसरी."

"आणि घंटा वेगळ्या वाटेने नेलीत की त्याच वाटेने?"

"वेगळ्या."

"मग ठीक." सर मागे टेकले. "पहिल्यांदाच न्यायला हवी होती. माझंच चुकलं."

हे तिचे सर होते, अख्खे. तिने काकूंकडे पाहिलं. काकू हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. पुढच्या चौकात गाडी थांबली तेव्हा सरांनी विचारलं, "आपण कोणाच्या घरी चाललोय?"

सहीची खोली कार्यालयाच्या मागच्या अंगाला होती. तिला खिडकी नव्हती. बाहेरच्या ओट्यावर फोन, पर्स, घड्याळं काढून ठेवायची, दारात पहारेकरी, आत कॅमेरा आणि एक साक्षीदार वकील. कार्डवाल्याच्या घरचं माणूस आत न्यायचं नाही. घरच्या माणसाच्या जिवाची धमकी देऊन पिन काढता येतो, म्हणून. नियम सरांनीच लिहिले होते, ओळ न् ओळ.

"मला आत घ्या गं," काकू म्हणाल्या. "मी नजरेआड झाले की ते बिथरतात. कोपऱ्यात उभी राहीन, तोंडातून शब्द काढणार नाही."

"काकू, नियमात बसत नाही."

"नियम यांचेच ना? मग यांच्यासाठी मोडा की."

शंकाबाईचं मन क्षणभर डळमळलं. कॅमेऱ्याचा लाल ठिपका दाराच्या वर दिसत होता. काकू आत दिसल्या, तर ही सही ग्राह्य नाही असं उद्या कोणी म्हणायला मोकळं. मशीनं घरोघरी होती, कज्जे उभे राहिले होते, आणि ही सही बिनतोड हवी होती. नियम पाळूनच तर आजवर सगळं सांभाळलं होतं.

"पाच मिनिटांचं काम आहे, काकू," ती म्हणाली. काकू बाहेरच्या बाकावर सरांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसल्या.

आत मोठे साहेब आणि वकील आधीच येऊन थांबले होते. टेबलावर पेटी होती, तिच्यासमोर आकड्यांचं छोटं यंत्र आणि त्याच्यावर मुगाएवढा दिवा. प्रत्येक कार्डाला दोन पिन असत. एक कामाचा. दुसरा, कोणी मानेवर सुरी ठेवून उभं असेल तेव्हाचा. तो टाकला की कार्ड स्वतःला आतून पुसून टाकी, कायमचं. पण चोराला ते कळता कामा नये, नाहीतर तो चिडून माणसाचा जीव घ्यायचा. म्हणून दिवा दोन्ही वेळा हिरवाच लागे. फरक एवढाच, की दुसऱ्या पिनला तो आधी एकदा मिटायचा, पापणी लवते तसा, आणि मग लागायचा. ही खूण फक्त कार्डवाल्यांना ठाऊक होती. ती शंकाबाईनेच सुचवली होती, आणि सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती.

तिने आपलं कार्ड घातलं, पिन दाबला. दिवा सरळ हिरवा झाला. मग तिजोरीतून काढून आणलेलं सरांचं कार्ड तिने घातलं आणि यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

पहारेकऱ्याने बाहेरून दार लोटलं. अडसर पडल्याचा आवाज झाला. सरांनी मान वळवली.

"दार का लावलं?"

"नियम आहे, सर."

"मी इथे कशाला आलोय?" त्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं, वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "हे लोक कोण आहेत?"

मोठे साहेब सकाळपासून घामाघूम होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याची झोप उडाली होती आणि धीर सुटला होता. ते सरांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सर, फक्त पिन दाबा. तिकडे माणसं मरतायत हो."

"कोण मरतंय?"

"तुम्ही पिन दाबला नाहीत तर आणखी मरतील."

साहेबांना आपलं वाक्य सरांना कसं ऐकू गेलं असेल याची कल्पना नव्हती. शंकाबाईला आली. ती खुर्ची ओढून सरांच्या समोर झाली.

"सर, माझ्याकडे बघा. आपण जरा थांबू या का?"

"थांबायचं कसलं?" साहेब म्हणाले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. धीर द्यायलाच ठेवला असेल.

सर ताठ बसले. त्यांनी खांद्यावरच्या हाताकडे पाहिलंही नाही.

"माझी बायको कुठे आहे?"

"बाहेर आहेत, सर. बाकावर बसल्यात."

"तिला आत का येऊ देत नाही?"

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मात्र ओसरत गेला. त्याच्या जागी आलेली शांत, जागी नजर शंकाबाईने पूर्वी अनेकदा पाहिली होती. मोठा बिघाड झाला, सगळ्यांची पाचावर धारण बसली, की सर असे दिसायचे.

"बरं," ते म्हणाले. "देतो. मग तिला सोडाल ना?"

"हो हो, लगेच!" साहेब हसले. वकीलही हसला. किती तरी दिवसांनी त्या खोलीत कोणी हसलं होतं.

शंकाबाई हसली नाही. तिने तोंड उघडलं आणि हातही पुढे केला. पण सरांची बोटं निघाली होती. न बघता, न अडखळता, टेबलाच्या कडेवर रोज आपटत असतील तशी ती आकड्यांवरून फिरली आणि थांबली.

दिवा मिटला. मग हिरवा लागला.

"झालं!" साहेबांनी टाळी वाजवली. "झालं हो! सर, तुम्ही म्हणजे..." त्यांनी वकिलाचाच हात धरून हलवला. वकिलाने घड्याळ बघायला मनगट वर केलं आणि ते बाहेर ठेवल्याचं आठवून खाली घेतलं.

शंकाबाई दिव्याकडे बघत राहिली. पेटीच्या पडद्यावर अजून काही उमटलं नव्हतं. थोड्या वेळात तिथे लिहून येणार होतं, की एकच कार्ड मिळालं, सही होणार नाही. मग साहेब ओरडणार होते, पुन्हा करा म्हणणार होते, आणि पुन्हा करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मशीनच्या चिपमध्ये किल्लीची ओळख कोरलेली होती, ती बदलता येत नव्हती. घरोघरची सगळी मशीनं आता आहेत तशीच राहणार होती, एकेक बदलून मिळेपर्यंत, आणि नवी बनायला वर्ष जाणार होतं. हे या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं. तिला वाटलं, हे असंच राहावं, पडदा कोराच राहावा.

सर पुढे झुकले. त्यांनी खिशातून तिचं ओळखपत्र काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली. त्यांचा हात उबदार होता, जराही थरथरत नव्हता.

"घाबरू नकोस, शंकाबाई," ते इतक्या हळू म्हणाले की साहेबांना ऐकू गेलं नाही. "काही मिळालेलं नाही त्यांना."

आणि त्यांनी डोळा मिचकावला.

सकाळपासून तिला त्यांनी ओळखलं नव्हतं, ते आत्ता ओळखलं. तिला हंबरडा फोडावासा वाटला. सरांना धरून गदागदा हलवावं, विचारावं, हे काय केलंत? पण त्यांनी काय केलं होतं? जे शिकवलं तेच केलं होतं. चूक हुडकायची झाली तर ती बाहेरच्या बाकावर स्वेटर घेऊन बसली होती, आणि तिला तिथे बसवलं होतं शंकाबाईनेच.

"छान केलंत, सर," ती म्हणाली.

सरांनी समाधानाने मान डोलावली. शाबासकी त्यांना नेहमीच आवडायची.

तिने दार ठोठावलं. पहारेकऱ्याने अडसर काढला. काकू ताडकन उठल्या. सर भराभर चालत त्यांच्याजवळ गेले, त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, दोन्ही दंड चाचपून पाहिले.

"काही केलं नाही ना गं तुला?"

"मला कोण काय करणार? वेडे की काय!" काकूंनी त्यांना स्वेटर चढवला, मग शंकाबाईकडे वळल्या. "झालं का गं काम? बरोबर दाबला यांनी?"

मागे खोलीत साहेबांचा आवाज चढायला लागला होता. "हे काय लिहून आलंय? अहो, हे काय आलंय?"

"अगदी बरोबर दाबला, काकू," शंकाबाई म्हणाली. "एक आकडा चुकला नाही."

"म्हटलं नव्हतं मी?" काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी सरांची कॉलर नीट केली. "सगळे म्हणतात, काही उरलं नाही यांच्यात. मी म्हणते, आहेत. आत आहेत ते."

ओट्यावर ठेवलेला तिचा फोन वाजत होता. पडद्यावर भावजींचं नाव होतं. साहेब दारात आले आणि तिला हाका मारू लागले. तिने एक हात वर करून त्यांना थांबवलं आणि फोन कानाला लावला.

"झालं का?" भावजींनी विचारलं. शब्द एकमेकांत घसरत होते. "तुझी ताई विचारतेय. म्हणते, शंकाबाईला विचारा, माझ्या नवऱ्याला आज झोपू देणार का?"

मागे मशीनचा आवाज येत होता, हवा आत, हवा बाहेर. शंकाबाईने तो ऐकून घेतला.

"झोपू देईन म्हणावं. मी येतेय रात्री."

"तू कशाला? दुरुस्त झालं ना? मग जागायचं कशाला कोणी?"

"भावजी," ती म्हणाली, "गजराचं घड्याळ उशाशीच राहू द्या. आणि मी पोचेपर्यंत डोळा लागू देऊ नका."